लोणच्याच्या बरण्यांचा डिमर

नाटकातला सूर्य हळूहळू उगवला पाहिजे, असं मास्तरांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, "उगवेल की. बटण दाबलं की उगवला." मास्तर शाळेत मराठी शिकवायचे आणि परभणीच्या आमच्या नाट्यमंडळाची नाटकं बसवायचे. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. "मिस्त्री, सूर्य बटणानं उगवत नाही," एवढंच म्हणाले. मला राग आला. त्या दिवसांत मला कशाचाही राग यायचा. चहात साखर कमी पडली तरी वाटायचं, मुद्दाम केलंय.

कारण सरळ होतं. माझ्या हाताला काम नव्हतं. मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी वायरमन होतो. मालकानं जिनिंग विकली, नव्या मालकानं स्वतःची माणसं आणली आणि आम्ही रस्त्यावर. हैदराबादचं राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, कारकून बदलले, माझं वायरमनचं सर्टिफिकेट मात्र उर्दूतच राहिलं. जिथं जावं तिथं नवा साहेब तो कागद उलटा धरायचा, सुलटा धरायचा आणि म्हणायचा, मराठीत करून आणा. मराठीत करून देणारा जो कारकून, त्याची बदली झालेली. असे आठ महिने गेले.

सहाव्या महिन्यात सासरे आले. ते वालूरचे. मेंढरं-शेळ्या आणि थोडी माळरानाची जमीन एवढ्यावर त्यांचं घर चालायचं. खोलीत येऊन बसले, पिठाचा डबा उघडा होता तो त्यांनी पाहिला, झाकण लावलं. मग म्हणाले, "जावईबापू, चारा सरला की मी मेंढरं हलवितो. ही तर पोटची पोर हाय. मी हिला आन नातीला घिऊन जातो. तुमाला कायमची नोकरी लागली की सोता आनून घालतो. दिवाळीपतुर वाट बघतो, मग म्होरलं बघू."

म्होरलं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात काडीमोड होत असे आणि तरण्या पोरीला दुसरं घर मिळत असे. पोर दीड वर्षाची होती. जाताना तिला वाटलं गाडीत बसून गंमत करायला निघालोय, ती हसत होती. मी दार लावून घेतलं आणि भिंतीवर डोकं टेकून रडलो. हे सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटली असती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वकीलसाहेबांनी बोलावलं. ते आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष आणि नगरपालिकेत वजन असलेले गृहस्थ. कापसाचं एक रिकामं गोदाम नगरपालिकेनं नाटकांसाठी दिलं होतं. पत्र्याचं छत, शहाबादी फरशी, एका टोकाला लाकडी रंगमंच. कापसाचे तंतू वाशांना लोंबत होते ते तसेच. पहिल्या प्रयोगाला कलेक्टरसाहेब येणार होते. वकीलसाहेब म्हणाले, "दिव्यांचा कंट्रोल बोर्ड तुम्ही निवडा, तुम्ही बसवा, पहिला प्रयोग नीट पार पाडा. हॉलसाठी वायरमनची कायम जागा काढायचं मी बोलून ठेवलंय. कलेक्टरांनी मान हलवली की जागा तुमची. कागद उर्दूत असू द्या नाहीतर अरबीत."

दिवाळीला सात आठवडे होते. त्या घटकेपासून मास्तरांचा सूर्य माझा झाला.

डिमर म्हणजे काय, तर दिव्याकडे जाणारी वीज अडवून धरायची आणि थोडी थोडी सोडायची. मोठ्या शहरात त्याचे तयार बोर्ड मिळतात हे मला ऐकून माहीत होतं. पुण्याच्या एका दुकानाचं छापील पत्रक मागवलं. काळ्याभोर पाटीवर बारा मुठी, खाली चकचकीत पितळ. वकीलसाहेबांनी किंमत वाचली, पत्रकाची घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली. ते पत्रक परत कोणाला दिसलं नाही. तेवढ्या पैशात गोदामावर नवे पत्रे येऊन वर खुर्च्याही आल्या असत्या.

मग हैदराबादला गेलो. मी वायरमनचं काम तिथंच शिकलो होतो, जुन्या मालाचा बाजार पायाखालचा होता. एका दुकानात मोडलेल्या नाटक कंपनीचा बोर्ड पडला होता, सहा मुठींचा. दुकानदार म्हणाला, "ले लो मियाँ, ऐसा माल फिर नै मिलता." मी बल्ब मागितला आणि एकेक मूठ फिरवून पाहिली. चार मुठींवर बल्ब छान मंदावला. पाचवीतून ठिणग्या उडाल्या. सहावी मेलेली. "दो का क्या है, जरा हाथ फिराए तो हो जाता," तो म्हणाला. हात मी फिरवला असता, पण आतली तार जळली होती आणि तशी तार परभणीत मिळणार नव्हती. मी दोन तास त्या बोर्डासमोर उकिडवा बसलो. लहानशा नाटकघराला मुठी किती लागतात यापेक्षा मोडलं तर गावात दुरुस्त होतं का, हेच मला महत्त्वाचं वाटत होतं. ऐन प्रयोगात पाचव्या मुठीनं दगा दिला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघणार? शिवाय तो बोर्ड उचलायला तीन माणसं लागत होती. मी उठलो.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून उस्तादांना भेटायला गेलो. हातात पक्कड कशी धरायची हे मला ज्यांनी शिकवलं ते हे. थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोर्ड-वोर्ड छोड. मिट्टी का बर्तन ले, पानी भर, नमक डाल. एक पत्रा नीचे, एक पत्रा डोरी से ऊपर. डोरी छोडी तो बत्ती बढती. नमक कम तो बत्ती शरमाती, नमक ज्यादा तो बेशरम." त्यांनी तरुणपणी एका नाटकघरात असे डिमर बघितले होते. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, पत्रे एकमेकांपासून लांब असले की अडखळत जाते, जवळ आले की सुखानं जाते. बस. परत येताना गाडीत मला बाकावर बसवेना.

मातीची भांडी झिरपतात म्हणून मी चिनी मातीच्या बरण्या घ्यायचं ठरवलं, लोणच्याच्या. वकीलसाहेबांच्या घरून दोन, मास्तरांच्या घरून एक, बाकीच्या तीन ओळखीपाळखीत मागितल्या. तांबटाकडून तांब्याचे बारा गोल पत्रे कापून आणले. दोऱ्या, खुंट्या, तुपाच्या डब्यांत बसवलेले दिवे, त्यांवर रंगीत जिलेटिनचे कागद. विंगेत फळीवर सहा बरण्या ओळीनं मांडल्या. एका बरणीला लोणच्याचा वास शेवटपर्यंत येत राहिला.

आता माझी चूक सांगतो. पाण्यात मीठ आहे हे मी कोणालाही सांगितलं नाही. मिठाची पुडी पैरणीच्या आतल्या खिशात ठेवायचो आणि विंगेत कोणी नसताना चिमटी चिमटीनं टाकायचो. वकीलसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "आत मसाला आहे, साहेब. हैदराबादचा." मीठ म्हटलं असतं तर वायरमनची जागा त्यांनी आचाऱ्याला दिली असती, असं मला वाटायचं. माझ्याकडे उर्दू कागदाशिवाय काही नव्हतं, तेवढं एक गुपित होतं.

पहिल्यांदा सूर्य उगवला तो तालमीत. मी दोरी बोटाबोटानं सोडली. आधी पडद्यावर काहीच नाही, मग विस्तवावरची राख फुंकल्यावर दिसतो तेवढा तांबूसपणा, मग पिवळं, मग दिवस. मास्तर खालून बघत होते. ते वर चढून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी त्याच दिवशी वालूरला पत्र टाकलं की प्रयोगाला या, पोरीला आणा, नोकरीचं ठरल्यात जमा आहे.

ते तिघं प्रयोगाच्या आदल्या दिवशी आले. पोर मला विसरली होती, आईच्या पदरामागं लपली. मी बायकोला हॉल दाखवायला नेलं. आमच्याकडे वीज दिवेलागणीला यायची, दिवसा तारा मेलेल्या. मी ऐटीत सांगितलं, "दिवसा करंट नसतो, बिनधास्त हात लाव." तिनं एका बरणीच्या काठावरून बोट फिरवलं. "यातून दिवा कमी-जास्त हुतो व्हय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "सगळा खेळ या पाण्याचाच आहे." तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जे कौतुक दिसलं ते लग्न झाल्यापासून मी बघितलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी पॉवरहाऊसच्या माणसांची मनधरणी करायला गेलो, संध्याकाळी वीज वेळेवर सोडा म्हणून. तिथून भाड्याच्या खुर्च्या, तिथून हारवाला. हॉलमध्ये मंडळातल्या घरच्या बायका झाडलोट, सडा, रांगोळी करत होत्या, माझी बायकोही त्यांच्यात गेली होती. संध्याकाळी रंगमंचाची पूजा झाली, नारळ फुटला. मी विंगेत गेलो तर बरण्या लखलखत होत्या आणि तांब्याचे पत्रे चिंचेनं घासल्यासारखे लाल. मला वाटलं, कलेक्टरसाहेब येणार म्हणून मास्तरांनी घासून घेतले असतील. बरं वाटलं. मी आत डोकावून पाहिलं नाही. पाणी होतंच की.

कलेक्टरसाहेब येऊन बसले आणि पाच मिनिटांनी वीज आली. पडदा वर गेला. अंधारात नट भूपाळी म्हणायला लागला, आणि मी सूर्याची दोरी सोडली.

काहीच झालं नाही. अजून सोडली. काहीच नाही. भूपाळी संपत आली, नटानं पहिलं कडवं परत धरलं. मी दोरी पार सोडून दिली, पत्र्यावर पत्रा टेकला आणि भाडकन सगळा उजेड रंगमंचावर पडला. नट दचकून मागं सरला. लोक हसले. दोरी बोटभर वर ओढली तर पुन्हा गडद अंधार. लोक आणखी हसले.

मी मेन स्विच पाडला आणि बरणीत बोट घालून जिभेवर ठेवलं. गोड पाणी. दुसरी बरणी, गोड. सहाच्या सहा. मिठाची पुडी घरी पैरणीत राहिली होती, अंगात प्रयोगासाठी घातलेला नवा सदरा होता. मागच्या दारानं धावलो. तिथं सासरे घोंगडीवर बसून बिडी ओढत होते, हॉलच्या गर्दीत त्यांना कोंडल्यासारखं होत होतं. त्यांच्या अंगावरून उडी मारून नटांच्या जेवणाची चूल होती तिथं गेलो, मिठाचं मडकंच उचलून आणलं आणि मुठीमुठीनं बरण्यांत ओतलं. खडेमीठ. ते तळाला जाऊन बसलं, विरघळेना. मी काठीनं ढवळायला लागलो. पाणी हिंदकळून फळीवर, फळीवरून तारांच्या जोडावर गेलं, आणि ते मला दिसलं नाही. स्विच वर केला. फट्ट आवाज झाला आणि हॉलचा फ्यूज गेला. जाड तार घालून बघितली, तर बाहेर खांबावरचा गेला.

तीन मिनिटांत कोणीतरी चार गॅसबत्त्या आणल्या. दोन पुढं ठेवल्या, दोन वाशाला टांगल्या. त्यांच्या सुसू आवाजात नाटक सुरू झालं आणि अतिशय रंगलं. ते सगळ्यांत वाईट. लोक रडले, हसले, टाळ्या पडल्या. परभणीतले लोक आयुष्यभर गॅसबत्तीवरच नाटकं बघत आले होते. सूर्य उगवला नाही याचं दुःख हॉलमध्ये मास्तरांना आणि मला, दोघांनाच होतं. मी बरण्यांपाशी खाली बसून होतो. ज्यानं पाणी बदललं तो मला सापडू दे, एवढं एकच मनात होतं. मी त्याचं काय काय करणार होतो हे लिहिण्यासारखं नाही.

पडदा पडला. बायको पोरीला कडेवर घेऊन विंगेत आली, मागं सासरे. ती माझ्याजवळ वाकली आणि हळू म्हणाली, "असं कामून झालं वो? मी तर सकाळी समद्या बरण्या राखंनं घासल्या. पूजेच्या दिशी कवाचं पारोसं पानी कसं ठिवावं म्हनून सांडून टाकलं. आडाचं ताजं पानी शेंदून भरलं. पत्रे बी चिंचंनं घासले."

आमच्या घराघरात सकाळी हेच करतात. रात्रीचं पाणी पारोसं, ते ओतायचं, भांडं घासायचं, नवं भरायचं. शहाण्या बाईनं जे करावं ते तिनं केलं होतं. आणि माझ्यासाठी केलं होतं. सहा बरण्या म्हणजे किती घागरी झाल्या असतील. तिच्या तळहातांना दोराचे वळ होते.

तेवढ्यात वकीलसाहेब आले. "काय झालं मिस्त्री?" त्यांनी विचारलं. सगळे नट भोवती उभे होते, रंग न पुसता. सासरे दोन पावलांवर. एक वाक्य बोललो असतो तर मी सुटलो असतो. दिवाळीनंतरचं म्होरलंही कदाचित टळलं असतं, कारण मग नोकरी मी नाही, सासऱ्यांच्याच लेकीनं घालवली असती. माझी जीभ तशी कधी कोणाची भीड धरत नाही. मी म्हणालो, "माझा अंदाज चुकला, साहेब."

"बरं," वकीलसाहेब म्हणाले. "कलेक्टर मात्र खूश आहेत. म्हणाले, बत्त्यांवर काय सुंदर झालं, उगाच विजेचा खर्च कशाला करता." "जागेचं आता पुढच्या साली बघू." मास्तर काही म्हणायला पुढं आले, मग चष्मा काढून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांना सेलूच्या गाडीला पोचवायला गेलो. सेलूहून पुढं वालूरपर्यंत बैलगाडी. फलाटावर बसलो होतो. पोर एव्हाना मला ओळखायला लागली होती, माझ्या सदऱ्याची गुंडी ओढत होती. बायको तांब्या भरून आणायला नळावर गेली तेव्हा सासऱ्यांनी बिडी विझवली.

"मेंढराला मीठ चारतो मी," ते म्हणाले. "तुमी काल मडकं घिऊन पळालात ते बघितलं. मग पोरीचं ऐकलं. मला समजलं, काय झालं ते."

मी मान खाली घातली.

"तुमी तिचं नाव घितलं न्हाई." त्यांनी विझलेली बिडी कानावर ठेवली. "तरी बी तिला न्हेतो, जावईबापू. त्यानं पोट भरत न्हाई. पर दिवाळीचं मी बोललो व्हतो ते सोडून द्या. किती बी दिस लागू द्या, माझी पोर तुमचीच हाय."

मला धड रडताही येईना. आभार मानावेत तर ते तिला घेऊन चालले होते, भांडावं तर भांडणार कशावर?

गाडी आली. सासऱ्यांनी गाठोडं वर चढवलं, पोरीला माझ्या हातून घेतलं. बायको खिडकीशी बसली. गाडी सुटायच्या बेतात असताना तिनं मला जवळ बोलावलं. रात्रभर झोपली नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं.

"खरं सांगा," ती म्हणाली. "बरन्यांच्या काठाला पांढरं धरलं व्हतं. ते मी घासून काढलं. त्या पान्यात तुमी काही टाकलं व्हतं का?"

मी खिडकीचा गज धरला.

पलीकडून सासरे म्हणाले, "काय टाकत्यात? नुसतं पानी व्हतं ते, बाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नुसतं पाणी." तिचे खांदे खाली आले, आणि ती पोरीचा हात धरून मला हलवून दाखवायला लागली.